वखारीतला गहू आणि पडद्यावरचा आकडा

देवास म्हटले की मराठी वाचकाला पवारांच्या थोरल्या व धाकट्या पाती आठवतात, टेकडीवरची देवी आठवते आणि तेथे राहून गाणे नव्याने घडविणारे कुमार गंधर्व आठवतात. त्याच देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागात, विंध्याच्या घाटाखाली नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या पट्ट्यात, कन्नौद आणि खातेगाव यांच्या शेजारी सतवास नावाचे गाव आहे. हे नाव आमच्या किनाऱ्यावर फारसे कोणाच्या ओठी नाही. परंतु गहू, हरभरा आणि सोयाबीन पिकविणाऱ्या त्या मुलुखाशी आमचे रोजचे नाते आहे. गोव्याच्या भूमीत भात पिकते, नारळ पिकतो, गहू पिकत नाही. आमच्या बाजारात गिऱ्हाईक 'मध्य प्रदेशचा गहू' म्हणून जो मागते, तो अशाच गावांच्या शेतांतून निघून कोणत्या तरी गोदामात काही महिने विसावा घेतो आणि मगच आमच्या ताटात येतो. तेव्हा त्या गोदामात काय घडते, त्याचा हिशेब कोण आणि कसा ठेवतो, हा प्रश्न केवळ माळव्याचा नाही. तो आमच्याही घरचा आहे.

गोदामांचा हा हिशेब आता झपाट्याने वहीतून संगणकात चालला आहे. भारतीय अन्न महामंडळाने 2016 मध्ये आपल्या आगारांसाठी ऑनलाइन पद्धती सुरू केली. वखारपावतीला कायद्याचा आधार देणारा कायदा 2007 मध्ये झाला, त्याच्या अंमलबजावणीसाठी 2010 मध्ये नियामक प्राधिकरण आले आणि 2017 पासून कागदी पावतीऐवजी इलेक्ट्रॉनिक पावती निघू लागली. 2022 मध्ये त्रेसष्ट हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची 2,516 कोटी रुपयांची योजना केंद्र सरकारने मंजूर केली. 2023 च्या मे महिन्यात सहकारी क्षेत्रातील धान्यसाठवणुकीची मोठी योजना मान्य झाली आणि 2024 च्या फेब्रुवारीत अकरा राज्यांतील अकरा संस्थांच्या गोदामांचे उद्घाटनही झाले. त्यांत अमरावती जिल्ह्यातील नेरपिंगळाईची संस्था आहे. याच क्रमाने ही लाट सतवाससारख्या गावांतील गोदामांपर्यंत पोहोचणार हे उघड आहे. मध्य प्रदेशात तर सरकारी खरेदीसाठी शेतकऱ्याची नोंदणी संगणकावर होते व माल कधी आणावा याचा संदेश त्याला भ्रमणध्वनीवर जाऊ लागला, ही गोष्ट आता जुनी झाली. 2020 च्या हंगामात त्या राज्याने सुमारे 129 लाख टन गहू खरेदी करून पंजाबलाही मागे टाकले. एवढा गहू वहीपेन्सिलीने सांभाळता येणार नाही, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

आम्ही संगणकाचे विरोधक नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जेथे पूर्वी चोपड्या मांडल्या जात, तेथे आज व्यापारी संगणकाला हळदकुंकू वाहतो. त्यात आम्हाला काही वावगे वाटत नाही. हिशेबाला लक्ष्मीचे रूप मानणारा समाज हिशेबाचे साधन बदलले म्हणून खट्टू होत नाही. आमची चिंता वेगळी आहे. गोदाम व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर म्हणजे विकत आणून भिंतीवर टांगायचे घड्याळ आहे, अशी समजूत सरकारी कचेऱ्यांत आणि संस्थांच्या संचालक मंडळांत बळावली आहे. निविदा निघते, सर्वांत कमी दराची स्वीकारली जाते, यंत्रे येतात, फीत कापली जाते, दोन दिवसांचे प्रशिक्षण होते आणि तिसऱ्या दिवसापासून कारकून दिवसभर वहीत लिहितो आणि सायंकाळी तेच आकडे संगणकात भरतो. काम दुप्पट होते आणि ज्ञान जेथल्या तेथे राहते.

संगणकात माल दिसला म्हणजे तो गोदामात असतोच, या भ्रमाची किंमत मुंबईने एकदा मोजली आहे. 2013 च्या जुलैअखेर नॅशनल स्पॉट एक्स्चेंजचे व्यवहार थांबले, तेव्हा सुमारे तेरा हजार गुंतवणूकदारांचे जवळपास 5,600 कोटी रुपये अडकून पडले. त्या बाजारातील प्रत्येक सौद्यामागे गोदामात प्रत्यक्ष माल आहे, असे गृहीत धरले गेले होते. पावत्या होत्या, पडद्यावर आकडे होते, देशातील अद्ययावत म्हणावी अशी संगणकयंत्रणा होती. तपास सुरू झाला तेव्हा कित्येक गोदामांत सांगितलेला माल नव्हताच. आज्ञावलीने बेरीज चुकवली नव्हती. तिला जे सांगितले गेले त्याचीच बेरीज तिने इमानेइतबारे केली होती. गोदामाच्या दारात उभे राहून पोती मोजणारा माणूसच त्या साखळीत नव्हता, किंवा असला तरी त्याला विचारणारे कोणी नव्हते.

आता सतवाससारख्या गावातील गोदामाच्या दारात उभे राहून पाहू. एप्रिल-मेच्या रखरखीत उन्हात गहू येतो तेव्हा दाणा खडखडीत वाळलेला असतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तोच दाणा ओलावा शोषतो आणि त्याचे वजन वाढते. ओलाव्यात टक्क्याची भर पडली तर क्विंटलामागे किलोहून अधिक वजन वाढते. पाच हजार टनांच्या गोदामात हा फरक पन्नास टनांच्या वर जातो. ज्याला हे ठाऊक नाही असा आज्ञावलीकार 'आवक वजा जावक म्हणजे शिल्लक' एवढे सूत्र घालून मोकळा होतो. मे महिन्यात पाच हजार टन आत आले, सप्टेंबरात पाच हजार टन बाहेर गेले, पडदा सांगतो की हिशेब चोख आहे, तूट शून्य. प्रत्यक्षात पन्नास टन गहू मागच्या दाराने गेलेला असू शकतो, आणि तो गेल्याचे कोणालाच कळत नाही, कारण वाढीव वजनाने ती पोकळी भरून काढलेली असते. जुन्या वहीत निदान गोदामपालाच्या तोंडाकडे पाहून एखाद्या अनुभवी निरीक्षकाला संशय येई. संगणकाच्या शून्यावर मात्र कोणी संशय घेत नाही. म्हणून आवकेच्या वेळी आणि जावकेच्या वेळी ओलावा मोजून नोंदलाच पाहिजे आणि त्यावरून अपेक्षित वजन काढलेच पाहिजे, ही अट आज्ञावली लिहिण्यापूर्वी ठरली पाहिजे. ही अट कोणत्याही संगणकशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. ती धान्याच्या व्यवहारातल्या जाणत्या माणसाकडेच आहे.

दुसरे उदाहरण बारदानाचे. पन्नास किलोचे तागाचे पोते साधारण 580 ग्रॅमचे असते, तर प्लॅस्टिकचे पोते सुमारे 135 ग्रॅमचे. कोणते बारदान वापरले याची नोंद ठेवण्यास जागाच नसेल, तर एक लाख पोत्यांमागे चव्वेचाळीस टनांचा घोळ केवळ पोत्यांच्या वजनातून निर्माण होतो. तिसरे उदाहरण नावांचे. एकाच गव्हाला शेतकरी एक नाव देतो, अडत्या दुसरे, सरकारी खरेदीत तो नुसता 'गहू' असतो आणि किरकोळ बाजारात त्याच्या जातीवर भाव ठरतो. पहिल्याच दिवशी सर्वांनी मिळून नावांची एक यादी पक्की केली नाही, तर सहा महिन्यांत त्याच मालाची चार खाती तयार होतात आणि एकातही शिल्लक जुळत नाही. ज्यांनी किराणा दुकानाचा हिशेब संगणकावर नेण्याचा प्रयत्न केला आहे, त्यांना आम्ही काय म्हणतो ते चटकन समजेल.

तेव्हा नियोजनाचा आरंभ जमिनीपासून व्हावा. गोदामाच्या फरशीवर थप्पींच्या जागा आखाव्या, प्रत्येक जागेला क्रमांक द्यावा, पोती भिंतीपासून सुटी आणि लाकडी फळ्यांवर ठेवावी, प्रत्येक थप्पीवर ती केव्हा रचली, किती पोत्यांची, धुरी केव्हा दिली, याचा तक्ता लटकावा. मग सारा माल एकदा हाताने मोजावा. जी तूट निघेल ती लपवू नये. ज्याची जबाबदारी त्याच्या नावे ती मांडावी आणि तेथून नवा हिशेब सुरू करावा. जुन्या वहीतली शिल्लक डोळे मिटून संगणकात उतरविणे म्हणजे जुन्या चोरीला नवी पावती देणे आहे. एवढे झाल्यावर वजनकाटा थेट संगणकाला जोडावा, म्हणजे काट्यावरचा आकडा मधल्या माणसाच्या बोटांतून न जाता नोंदीत जाईल. काट्याची तपासणी ठरावीक मुदतीत व्हावी. आज्ञावलीची भाषा तेथल्या कारकुनाची असावी. सतवासला ती हिंदी, सावंतवाडीला मराठी. वीज गेली, जाळे तुटले, तर क्रमांक छापलेल्या कागदी पावतीवर काम चालू राहावे आणि ती पावती चोवीस तासांत संगणकात चढावी, हा नियमही पहिल्या दिवसापासून असावा. दारात रांगेत ट्रॅक्टर उभे आहेत आणि 'सर्व्हर बंद आहे' म्हणून शेतकरी रात्रभर उघड्यावर झोपला आहे, हे दृश्य देशातील अनेक खरेदी केंद्रांवर दिसले आहे. ते टाळणे हेही नियोजनाचेच काम आहे.

मुहूर्ताचा प्रश्नही आहे आणि तो पंचांगाचा नाही. अमेरिकेतील हर्शी या प्रसिद्ध चॉकलेट कंपनीने 1999 मध्ये अकरा कोटी डॉलरांहून अधिक खर्चाची नवी संगणकयंत्रणा बसविली. काम घाईने उरकले आणि यंत्रणा नेमकी वर्षातल्या सर्वांत मोठ्या विक्रीच्या हंगामाच्या तोंडावर सुरू केली. गोदामांत चॉकलेट पडून होते, दुकानदारांच्या मागण्या येऊन पडल्या होत्या आणि तरीही सुमारे दहा कोटी डॉलरांचा माल वेळेवर जाऊ शकला नाही, कारण कोठे काय आहे ते नव्या यंत्रणेला कळत नव्हते. एवढ्या धनाढ्य कंपनीला जे भोवले, ते एखाद्या पतसंस्थेला बुडवून जाईल. माळव्यात एप्रिल-मे गव्हाचे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर सोयाबीनचे दिवस. या दिवसांत कारकुनाला मान वर करण्याची फुरसत नसते. नवी पद्धती आणायची तर जुलै-ऑगस्टमध्ये आणावी, एका गोदामापासून सुरुवात करावी, एक पूर्ण हंगाम वही आणि संगणक शेजारी शेजारी चालवावे, रोज संध्याकाळी दोन्हींचा मेळ घालावा. दोन्ही जुळू लागले की मगच वही मिटावी. आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी निधी खर्ची पडला पाहिजे म्हणून मार्चअखेर उद्घाटन करण्याची जी आपली सरकारी परंपरा आहे, ती या कामात साक्षात घातक ठरेल.

या साऱ्या खटाटोपात ज्यांना कोणी विचारत नाही अशी दोन माणसे आहेत. पहिला हमाल. गोदामात किती पोती आली हे सर्वांत आधी त्याच्या पाठीला कळते. त्याची मजुरी पोत्यावर ठरते, म्हणून तो आपली मोजणी चुकू देत नाही. महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी कामगारांसाठी कायदा करून या कष्टकऱ्याला नोंदीत स्थान दिले, ते देशात पुढे टाकलेले पाऊल होते. गोदामाच्या आज्ञावलीत हमालांच्या मजुरीचा हिशेब आणि पोत्यांचा हिशेब एकमेकांशी ताडून पाहण्याची सोय असली, तर खोटी आवक दाखविणे फार कठीण होईल. न आलेल्या पोत्यांची मजुरी कोण देणार? हा ताळा फुकटात मिळणारा आहे. तो घेण्यासाठी फक्त हमालाला माणूस समजून त्याच्याशी बोलावे लागते.

दुसरा माणूस म्हणजे शेतकरी. काढणीच्या वेळी भाव पडलेला असतो आणि हाताशी पैसा नसतो. माल गोदामात ठेवून त्या पावतीवर कर्ज मिळाले, तर तो भाव सुधारेपर्यंत थांबू शकतो. अ. दा. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील ग्रामीण पतपाहणी समितीने 1954 च्या अहवालात देशभर वखारी उभारण्याचा आग्रह धरला होता. या समितीत धनंजयराव गाडगीळ होते, ही मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे. सावकाराच्या आणि पडत्या भावाच्या कात्रीतून शेतकऱ्याला सोडविणे हा त्या आग्रहाचा गाभा होता आणि त्यातूनच 1957 मध्ये केंद्रीय वखार महामंडळ उभे राहिले. 2024 च्या डिसेंबरात केंद्राने इलेक्ट्रॉनिक वखारपावतीवरील कर्जासाठी एक हजार कोटींचा हमी निधी जाहीर केला, तोही याच विचाराचा पुढचा धागा आहे. पण बँक कर्ज देते ते पावतीवर आणि पावतीची पत आहे गोदामाच्या हिशेबात. सतवासच्या एखाद्या शेतकऱ्याची वीस क्विंटल सोयाबीन पडद्यावर अठरा क्विंटल झाली, तर त्याने दाद कोठे मागावी? कारकून म्हणणार, संगणकात असेच आहे. आज्ञावली पुरविणारी कंपनी म्हणणार, जे भरले तेच दिसते. शहरातील कार्यालय म्हणणार, गोदामात विचारा. म्हणून प्रत्येक नोंदीमागे ती करणाऱ्याचे नाव आणि वेळ कायम राहिली पाहिजे, केलेली दुरुस्ती पुसून न जाता दिसत राहिली पाहिजे आणि शेतकऱ्याच्या हाती काट्यावरच्या वजनाची छापील पावती त्याच क्षणी पडली पाहिजे. नोंद कोणाच्या मालकीची, कंत्राट संपल्यावर ती कोणाकडे राहणार, हेही करारात स्वच्छ लिहिलेले असावे. आपलाच हिशेब परत मिळविण्यासाठी जुन्या कंत्राटदाराचे उंबरे झिजवावे लागण्यासारखी नामुष्की दुसरी नाही.

येथपर्यंत आम्ही माळव्याबद्दल बोललो. आता आमच्या अंगणाकडे वळणे प्राप्त आहे. कोविडच्या काळात, 2020 मध्ये, गोव्यात लोकांसाठी तूरडाळ खरेदी करण्यात आली. तिच्यातली सुमारे 240 टन डाळ सरकारी गोदामांत पडून खराब झाली, हे 2022 च्या ऑगस्टमध्ये उजेडात आले. ज्या महिन्यांत रोजगार बुडालेल्या घरांत आमटी पातळ होत होती, त्याच काळात घेतलेली ही डाळ. ती गोदामात आहे हे ठाऊक नसल्याने नासली काय? नाही. ती कोठे आहे, किती आहे, केव्हापासून आहे, हे कागदोपत्री होतेच. ती वाटायची की विकायची, कोणी आणि केव्हा, याचा निर्णय वेळेत झाला नाही. उत्तम आज्ञावली असती तर तिने 'या मालाची मुदत संपत आली' असा इशारा पडद्यावर दिला असता. तो इशारा कोणाच्या मेजावर गेला असता आणि त्या मेजामागच्या माणसाला तो वाचून निर्णय घेण्याचा अधिकार असता का, या प्रश्नाचे उत्तर कोणतीही आज्ञावली देऊ शकत नाही. इशारा मिळाल्यावर इतक्या दिवसांत निर्णय, निर्णय न झाल्यास प्रकरण आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे आणि तेथेही न झाल्यास ते लोकांसमोर, असा नियम आधी हवा. आज्ञावलीने त्या नियमाची अंमलबजावणी करावी. नियमच नसेल तर ती केवळ नासाडीची अचूक तारीख सांगेल.

आमच्या पूर्वजांना साठवणुकीचे शास्त्र ठाऊक होते. पन्हाळ्याच्या अंबरखान्यातील गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे, असे सांगतात. किल्ला किती दिवस लढू शकेल, हे त्या कोठीतल्या खऱ्या धान्यावर ठरत असे. कोठीवाल्याच्या वहीतला खोटा आकडा वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यात उघडा पडला असता आणि त्याची शिक्षा साऱ्या किल्ल्याने भोगली असती. आजच्या वेढ्यांचे रूप बदलले आहे. अवर्षण, महागाई, साथीचा रोग, कोठल्या तरी परक्या देशातले युद्ध, यांपैकी काहीही आले की देशाची नजर गोदामांकडे वळते. त्या दिवशी पडद्यावरचा आकडा खरा असला पाहिजे.

सतवास असो, नेरपिंगळाई असो की आमच्याकडचे एखादे तालुक्याचे सरकारी गोदाम असो, आमची मागणी साधी आहे. आज्ञावलीच्या निविदेपूर्वी गोदामाची प्रत्यक्ष मोजदाद व्हावी. आज्ञावलीची रूपरेषा ठरविणाऱ्या बैठकीत संगणकतज्ज्ञाबरोबर गोदामपाल, मापाडी, हमाल आणि माल ठेवणारा शेतकरी बसावा. यंत्रणा सुरू झाल्यावर दर तिमाहीस पूर्वसूचना न देता बाहेरच्या पथकाने थप्पी मोजाव्या आणि पडद्यावरचा आकडा व फरशीवरचा आकडा यांतला फरक गोदामाच्या दारावरील फळ्यावर खडूने लिहावा, म्हणजे येणाराजाणारा तो वाचील. खडू आणि फळा यांना फारसा खर्च येत नाही. जी संस्था आपला फरक असा चारचौघांत लिहावयास तयार नसेल, तिच्या संगणकावर शेतकऱ्याने, बँकेने आणि शिधापत्रिकेवर जगणाऱ्या गृहिणीने विश्वास का ठेवावा, याचे उत्तर त्या संस्थेने द्यावे आणि तिला निधी देणाऱ्या सरकारनेही द्यावे.